मोहोर, कल्टार आणि टार्गेट

रत्नागिरीत लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ हे वाक्य मारुती मंदिराला म्हटलं तर मांडवीला ऐकू जावं, अशा आवाजात म्हटलं जातं. मग समोरून प्रश्न येतो, ‘म्हणजे नक्की काय करतो?’ आणि आवाज एकदम खालच्या पट्टीत उतरतो. ‘तसा सेल्सला आहे. पण सॉफ्टवेअरच्याच हो!’ त्या ‘पण’वर सगळ्या घराण्याची अब्रू तोललेली असते. यात मुलाकडच्यांचा दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चुली पेटलेल्या जिल्ह्यात नोकरीची व्याख्या पक्की आहे: पगार ठरलेला, तारीख ठरलेली आणि साहेबाच्या नावाने बोटं मोडायची वेळही ठरलेली. ‘सेल्स’ म्हटलं की डोळ्यांसमोर उभा राहतो तो खांद्याला बॅग लावून उन्हातान्हात फिरणारा आणि दुपारी दोन वाजता, म्हणजे रत्नागिरीच्या हिशेबाने मध्यरात्री, दाराची बेल वाजवणारा माणूस. तो पापड विकतो की पतसंस्थेला संगणकप्रणाली विकतो, याने फरक पडत नाही. झोपमोड तेवढीच होते.

अलीकडे याच्या बरोबर उलटा सूर लावणारेही निघाले आहेत. ते करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठावरून सांगतात, ‘बोलता येतं ना? मग सॉफ्टवेअर सेल्समध्ये जा. कोडिंग नको, गणित नको, आणि पैसा कोडिंगवाल्यापेक्षा जास्त.’ म्हणजे एका पक्षाच्या मते हा धंदा कुणीच करू नये आणि दुसऱ्याच्या मते कुणीही करावा. माझ्या मते दोघांनीही माल न बघता भाव सांगितला आहे. धंदा प्रतिष्ठेचा आहे, पैशाचा आहे, आणि तरीही तो सगळ्यांना मानवणारा नाही. मात्र तो ज्यांना मानवत नाही ती माणसं आपण समजतो ती नव्हेत. अबोल माणूस यात तरून जातो. बुडतो तो मोहोर पाहूनच पेट्या मोजायला लागणारा.

आधी या मालाची जात समजून घेतली पाहिजे. सॉफ्टवेअर ही विकायची वस्तू आहे, हे जगाला फार उशिरा सुचलं. १९६९ सालापर्यंत आयबीएमकडून संगणक घेतला की त्यावरचे प्रोग्राम त्याच किमतीत येत. भाजीवर कोथिंबीर मिळावी, तसे. त्या वर्षी जूनमध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे यंत्राचे पैसे वेगळे आणि बऱ्याचशा प्रोग्रामांचे वेगळे. जगातल्या तमाम गिऱ्हाइकांना त्या दिवशी नेमकं तेच वाटलं असेल, जे भाजीवाल्याने कोथिंबिरीचे पाच रुपये वेगळे मागितल्यावर आपल्याला वाटतं. तेव्हापासून विक्रेत्याच्या नशिबी ही अडचण आली आहे की त्याचा माल दिसत नाही, हाताला लागत नाही आणि त्याला वास येत नाही. हापूसच्या पेटीला पेंढ्यातूनही वास येतो. फळ दाबून पाहता येतं, देठाशी नाक नेता येतं, गिऱ्हाईक आपली समजूत आपणच करून घेतं. सॉफ्टवेअरचा विक्रेता विकतो ते एक आश्वासन, आणि रत्नागिरीला आश्वासनांचा अनुभव प्रत्येक निवडणुकीत मिळत आलेला आहे.

म्हणून या धंद्यात ‘डेमो’ नावाचा विधी असतो. एखाद्या पतसंस्थेतला डेमो डोळ्यांसमोर आणा. टेबलावर काच, काचेखाली गणपतीचा फोटो, जुनं कॅलेंडर आणि कुणाचे तरी पासपोर्ट आकाराचे तीन फोटो, ज्यांचा मालक अजून न्यायला आलेला नाही. त्या काचेवर लॅपटॉप उघडलेला. चेअरमन कौतुकाने पाहतात, व्यवस्थापक घड्याळाकडे पाहतात आणि कोपऱ्यात तीस वर्षं खतावणी सांभाळलेले ज्येष्ठ कारकून विक्रेत्याकडे पाहतात. विक्रेता तासभर रंगीत आलेख दाखवतो. शेवटी कारकून चष्मा कपाळावर नेऊन पहिला प्रश्न टाकतात, ‘लाईट गेली तर?’ याचं उत्तर विक्रेत्याला पाठ असतं. मग दुसरा येतो, ‘मागल्या तारखेची नोंद घालता येते का?’ विक्रेता अभिमानाने सांगतो, ‘नाही काका, तीच तर याची खुबी आहे.’ तिथेच सौदा बुडतो. विक्रेत्याने ज्याला खुबी म्हणून मिरवलं, ती काकांच्या लेखी खोड असते. आणि चेअरमनची सही कितीही मोठी असली, तरी ती कुठे करायची हे बोट ठेवून दाखवतात ते काकाच. ही गोष्ट काही रत्नागिरीपुरती नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गल्ल्याची यंत्रं आली, तेव्हा मालकांना ती हवी होती आणि गल्ल्यावरच्या नोकरांना नको होती, कारण यंत्र प्रत्येक विक्रीची नोंद ठेवत होतं आणि वर घंटाही वाजवत होतं. ती यंत्रं विकणाऱ्या एनसीआर कंपनीने १८८७ साली आपल्या विक्रेत्यांसाठी काय बोलायचं आणि कसं बोलायचं याची पुस्तिकाच छापली. विक्रेत्याचं बोलणं तेव्हापासून तयार मिळतं. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून कुठल्याही पुस्तिकेत आलेलं नाही.

सौदा बुडाला, असं चेअरमन अर्थातच म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘बघू.’ सॉफ्टवेअर विकणाऱ्याने जावा, पायथन काही शिकलं नाही तरी चालेल, पण ‘बघू’ हा शब्द व्याकरणासह शिकला पाहिजे. नुसतं ‘बघू’ म्हणजे नाही. ‘बघू हां’ म्हणजे नाही, पण चहा घेऊन जा. ‘बघूया’ म्हणजे मेहुण्याचा मुलगा असलंच काहीतरी विकतो. ‘सभेपुढे ठेवतो’ म्हणजे सभा गणपतीनंतर, आणि गणपतीनंतर दिवाळी येते. ‘छान आहे हो तुमचं, आमच्यासाठी जरा जास्तच छान आहे’ हा नकार इतका मखमली की विक्रेता जिना उतरेपर्यंत त्याला तो होकार वाटतो. खरी आशा एकाच उद्गारात असते: ‘एवढे?’ रत्नागिरीकर किमतीवरून भांडायला लागला की समजावं, त्याला वस्तू हवी आहे. नको असलेल्या वस्तूवर तो शब्द खर्च करत नाही. इकडे विक्रेत्याचा पुण्यातला साहेब मात्र प्रत्येक भेटीपुढे टक्केवारी भरून मागतो. ‘बघू’ची टक्केवारी किती? होतकरू मुलगा लिहितो साठ. दोन पावसाळे पाहिलेला लिहितो दहा. मुरलेला साठच लिहितो, पण घरी बायकोला सांगतो, ‘यंदा फ्रीज नको.’

इथे आंब्याचा दाखला द्यावाच लागतो. रत्नागिरीचा लेख आणि आंबा नाही, असं केलं तर संपादक मानधन कापतील. कलमावर मोहोर आला की झाड पानं लपवून बसतं. एकेका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारांनी फुलं. त्यातली बरीचशी फळ न धरणारीच. जी धरतात त्यातली कणी गळते, सुपारीएवढं फळ गळतं, ढगाळ हवेत तुडतुडे येतात, आणि शेवटी त्या तुऱ्याला एखाददुसरं फळ लोंबतं. बागायतदार हे पिढ्यान्‌पिढ्या बघत आला आहे, म्हणून तो मोहोर पाहून खूश होतो, पण दलालाला पेट्यांचा आकडा सांगत नाही. विक्रीच्या धंद्यात ज्याला ‘पाइपलाइन’ म्हणतात, ती हाच मोहोर. शंभर फोन, त्यातून वीस भेटी, त्यातून पाच डेमो आणि त्यातून एक चेक. ही गळ विक्रेत्याच्या चुकीमुळे होत नाही, ती या पिकाची रीतच आहे. पण प्रत्येक गळलेल्या फुलामागे ज्याला वाटतं की आपल्यालाच नाकारलं, त्याने या बागेत पाऊल ठेवू नये. असा माणूस वाईट नसतो. बहुधा तो संवेदनशील असतो, चांगला शिक्षक होतो, चांगला प्रोग्रामर होतो. फक्त रोज एकोणीस वेळा ‘नाही’ ऐकून विसाव्या दारावर पहिल्यासारखंच हसणं त्याच्या प्रकृतीला झेपत नाही.

‘म्हणजे शेवटी बोलकाच हवा ना?’ हा पहिला आक्षेप. तो सगळ्यांना इतका पटलेला आहे की वर्गात बडबडणाऱ्या मुलाला शिक्षकसुद्धा ‘तू पुढे सेल्समनच होणार’ असा शाप देतात. अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हा समज तपासून पाहिला. फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचे स्वभाव आणि त्यांनी आणलेली रक्कम त्याने समोरासमोर ठेवली आणि निष्कर्ष २०१३ साली छापला. अति बोलके आणि अति अबोल यांच्यात फारसा फरक निघाला नाही. सर्वांत पुढे होते ते मधले. कारण उघड आहे. जो सतत बोलतो त्याला काकांचा दुसरा प्रश्न ऐकूच येत नाही. रत्नागिरीला हे कळायला मानसशास्त्रज्ञाची गरज नव्हती. तिच्याकडे पिग्मीवाला होता. १९२८ साली सिंडिकेट बँकेने सुरू केलेली ही दैनंदिन ठेवीची पद्धत पुढे पतसंस्थांनी उचलली. बाजारपेठेत रोज त्याच वेळी त्याच दुकानात तो येतो, ‘काय शेठ’ एवढंच म्हणतो, पन्नास रुपये घेतो, पावती देतो, जातो. त्याने आयुष्यात कधी आलेख दाखवलेला नसतो. पण कुणाचं दुकान बसत चाललंय, कुणाला कर्ज लागणार, कुणाच्या मुलीचं ठरतंय, हे त्याला चेअरमनच्या आधी कळलेलं असतं. सॉफ्टवेअर कंपन्यांनी विमानतळाजवळच्या हॉटेलांत शिबिरं भरवण्यापेक्षा आपल्या पोरांना आठवडाभर पिग्मीवाल्याच्या सायकलमागे पाठवावं. खर्च वाचेल आणि व्यायामही होईल.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘अमक्याचा मुलगा बघा, पाच वर्षांत पुण्याला फ्लॅट, दारात गाडी.’ असे मुलगे आहेत, यात शंका नाही. पण फळ बघताना वारं कुठलं होतं, हेही बघावं. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. ज्या दुकानदारांनी तोवर संगणकाला हातसुद्धा लावला नव्हता, ते बिलाचं सॉफ्टवेअर स्वतःहून विचारत आले. त्या वर्षी ज्याने टार्गेट गाठलं, त्याचं कौशल्य थोडं आणि अर्थमंत्र्यांचं जास्त होतं. उलटही होतं. निसर्ग वादळ २०२०च्या जूनमध्ये आलं, तेव्हा मंडणगड-दापोलीकडे उभ्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं आणि झाडावरचा आंबा जमिनीवर आला. ज्यांच्या बागा गेल्या त्यांनी मशागत कमी केली होती, असं कोण म्हणेल? सॉफ्टवेअरच्या जगातही वादळं येतात. सेल्सफोर्स, जिचं मूळ सॉफ्टवेअरच विक्रेत्यांचं काम सांभाळण्याचं आहे, तिने २०२३च्या जानेवारीत सुमारे दहा टक्के माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. वादळ आलं नाही तर बागायतदाराची बाग निदान पुढच्या वर्षी जागेवर असते. विक्रेत्याची पाटी दर तीन महिन्यांनी कोरी होते. मार्चअखेर हारतुरे झालेल्या माणसाला एक एप्रिलला साहेब विचारतो, ‘मग यंदा काय?’ तारीख एक एप्रिल असली तरी साहेब गंमत करत नसतो. पगाराचा मोठा भाग असा हवेवर सोडलेला असताना ज्याचा घराचा हप्ता पाच तारखेला पक्का आहे, त्याने या वाटेला जाताना दहा वेळा विचार करावा. त्याला भित्रा म्हणू नये. त्याला हिशेब येतो.

या तीन महिन्यांच्या चक्रातूनच धंद्यातला खरा रोग जन्मतो, आणि त्यालाही आमच्याकडे नाव आहे: कल्टार. हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी विश्रांती घेतो. सरकारी खात्यासारखाच, फक्त काम केल्यानंतर. त्याने दर वर्षी धरावं म्हणून बागायतदार पावसाळ्यात बुंध्याशी कल्टार घालतात. वाढ रोखली जाते, मोहोर येतो. मात्रा सांभाळली, खतपाणी नीट दिलं तर ठीक. हव्यासाने घातलं की झाडाचा दम जातो. तिमाहीअखेरची सूट म्हणजे विक्रीचं कल्टार. ‘आजच सही करा, चाळीस टक्के कमी.’ सही होते, टार्गेट होतं, पण हा पुढच्या तिमाहीचा आंबा असतो. पुढच्या तिमाहीत झाड रिकामं, म्हणून आणखी कल्टार. ओरॅकलसारख्या बलाढ्य कंपनीने हे अनुभवलं आहे. विक्रेत्यांनी जोरात विक्री नोंदवली, पण तिचे पैसे त्या वेगाने वसूल होईनात; १९९० साली कंपनी तोट्यात घसरली, सुमारे चारशे माणसांना घरी जावं लागलं आणि हिशेबातल्या घोळापायी १९९३मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने कारवाई करून एक लाख डॉलरचा दंड वसूल केला. कंपनी नंतर सावरली, वाढली. पण धडा उरला: या धंद्यात हुशार माणसंसुद्धा आधी साहेबाला फसवतात असं नाही, आधी स्वतःला फसवतात. ‘बघू’च्या पुढे साठ लिहिणारा मुलगा खोटारडा नसतो. त्याला खरंच साठ वाटत असतात. तेच तर भयंकर.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळं शिकता येतं. जन्मजात विक्रेता कुणीच नसतो. अर्धा मान्य. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत धंद्यात उतरले. धाकट्या भावाने, संजयने, व्हायरस मारायचा प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून उभी राहिलेली क्विक हील ही कंपनी २०१६ साली शेअर बाजारात नोंदली गेली. एमबीएची पदवी त्यात कुठेही आडवी आली नाही. पण बारकाईने पाहा: दुरुस्ती करणारा माणूस रोज काय शिकतो? तो गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायला शिकतो आणि बिघाड आहे तिथेच शोधायला शिकतो. बोलायची पद्धत, ईमेलचा मसुदा, सूट कधी द्यायची हे महिन्याभरात येतं. वाईट बातमी वाईट आहे हे वेळेवर कबूल करणं महिन्याभरात येत नाही. काहींना ते जन्मभर येत नाही, आणि त्यातले काही तर बढती मिळून साहेब होतात.

चौथा आक्षेप खास आमच्या गावचा. ‘माल चांगला असला की विकायला कशाला लागतो?’ हे वाक्य रत्नागिरीत तिरकस चेहऱ्याने म्हणतात आणि त्यावर पुढे बोलता येत नाही. पण हापूसचंच घ्या. इतकं नावाजलेलं फळ, आणि दुसरीकडचा आंबा त्याच्या नावाने खपतो म्हणून २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन घ्यावं लागलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलमच्या संकरातून ‘रत्ना’ काढला. तो दर वर्षी फळतो आणि त्यात साका, म्हणजे गराचा आतला बिघाड, होत नाही. गुणांनी पाहिलं तर रत्नाने बाजार जिंकायला हवा होता. गिऱ्हाईक मात्र अजूनही पेटीला हात लावून ‘हापूसच आहे ना?’ असंच विचारतं. मालाचे गुण आपणहून बोलत नाहीत. कुणाला तरी ते समोरच्याच्या गरजेशी जोडून सांगावे लागतात.

आता राहिला रत्नागिरीकराचा स्वभाव. पु. लं.च्या अंतू बर्व्याने आमची कीर्ती अशी करून ठेवली आहे की आम्ही विकायला बसलो तर गिऱ्हाईक टोमण्याने घायाळ होऊनच परतेल. मला हा गैरसमज वाटतो. बरंचसं सॉफ्टवेअर आता एकरकमी विकत नाहीत, वर्षाच्या भाड्याने देतात. गिऱ्हाईक दर वर्षी सोडून जाऊ शकतं, म्हणून पहिली विक्री ही नुसती सुरुवात. अशा धंद्यात गोड बोलून गळ्यात मारलेला माल बारा महिन्यांनी परत येतो, आणि ‘हे तुमच्या कामाचं नाही हो, उगाच पैसे घालू नका’ असं तोंडावर सांगणारा माणूस सोन्याचा ठरतो. साका झालेलं फळ बाहेरून देखणं असतं. तो कापल्यावर कळतो, आणि कापणारं गिऱ्हाईक दलालाला विसरत नाही. तिरकस माणसाला स्वतःच्या मालातला साका आधी दिसतो. तो लपवायचा की सांगायचा, एवढाच त्याचा प्रश्न उरतो.

तेव्हा कुणाला हा धंदा मानवेल, याची परीक्षा हवी असेल तर प्रश्नपत्रिका गावातच आहे. हंगामात मामाला एक पेटी विका. फुकट नाही, घरच्या भावात नाही, बाजारभावाने. विकताना सांगा, की खालच्या थरातल्या डझनाची खात्री देता येत नाही. मामा बरंच काही बोलेल. ते सगळं ऐकून घ्या, मनाला लावून घेऊ नका आणि भावही उतरवू नका. पैसे मिळाले तर लगेच नोकरीचे अर्ज भरू नका. पुढच्या मार्चपर्यंत थांबा. मामाचा फोन आपणहून आला, तर खुशाल सेल्सला जा, आणि लग्नाच्या बोलणीत तो शब्द मोठ्याने सांगा. फोन आला नाही, तर पेटी कितीला गेली होती हे कुणाला सांगत बसू नका.